आरोग्याचा अनुशेष खाटांत नको, वर्षांत मोजा

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं की अनुशेषाचा, म्हणजे मागास भागांच्या राहून गेलेल्या विकासाचा, विषय निघतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हापासून ती पुन्हा आणण्याची मागणी सुरू आहे. सिंचन आणि रस्त्यांच्या मागोमाग आरोग्याचाही हिशेब मांडला जातो. विदर्भ-मराठवाड्याची बाजू घेणारे खाटा मोजतात, प्राथमिक आरोग्य केंद्रं मोजतात, मेडिकलच्या जागा मोजतात आणि दरी वाढली म्हणतात. पुण्यात याचं उत्तर जवळपास पाठ झालेलं आहे. व्याख्यानमाला असो नाहीतर सकाळी टेकडीवर जमणारा घोळका, ‘निर्देशांक बघा, सगळीकडे सुधारणा आहे, दरी कमी झाली, रडगाणं किती दिवस गाणार’ हे ऐकायला मिळतंच. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा खरे असतात. दरी म्हणजे नेमकं काय, ती कशात मोजायची, कुठल्या सीमांच्या आत आणि कुठल्या सालापासून, हे मात्र कोणीच आधी सांगत नाही. मग ज्याला जो निष्कर्ष हवा त्याला तो सापडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आरोग्यातली प्रादेशिक दरी वर्षांत मोजावी. आज एखादा प्रदेश जिथे आहे, तिथे पुढे गेलेला प्रदेश किती वर्षांपूर्वी होता ते काढावं. ते काढताना खाटा किंवा रुपये धरू नयेत; वेळेवर मिळालेल्या साध्या उपचारांनी टळले असते असे मृत्यू धरावेत. ते मृत्यूही माणूस जिथे राहत होता तिथल्या खात्यावर मांडावेत, आणि तालुक्यांच्या सीमा हिशेबापुरत्या गोठवून टाकाव्यात. खाटांची आणि रुपयांची मोजणी कामाची आहे, पण ती कामाच्या नियोजनासाठी. दरी वाढली की घटली, याचा निकाल तिच्यावरून लागत नाही.

महाराष्ट्रात या भांडणाला हिशेबाचं वळण लागलं ते १९८३ मध्ये. त्या वर्षी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. दांडेकर गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, म्हणजे पुण्याचेच. तोवर विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाट्याचं आश्वासन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराचे दाखले देत भाषणं व्हायची. दांडेकरांनी भाषणांच्या जागी तक्ता ठेवला. प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडायचा, सरासरीच्या जितका खाली तितका त्याचा अनुशेष, आणि तो भरून काढायला किती रुपये लागतील ते लिहायचं. एकूण आकडा निघाला सुमारे ३,१८७ कोटी. त्यातला जवळपास ३७ टक्के अनुशेष विदर्भ-मराठवाड्याबाहेरच्या ‘उर्वरित महाराष्ट्रा’चा होता, हे आज दोन्ही बाजू सोयीने विसरतात. कोकण आणि दुष्काळी तालुके त्यात होते ना! जिल्हा हा एकक धरल्यामुळे ते दिसलं. विभाग धरला असता तर दिसलं नसतं.

पण या पद्धतीत एक खोट होती. १९९४ च्या स्थितीवर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा हिशेब केला तेव्हा तो चौदा हजार कोटींच्या घरात गेला. दहा वर्षांत मागासलेपण चौपट झालं का? नाही. सिमेंट महागलं, पगार वाढले आणि सरासरीही वर सरकली. सरासरीशी तुलना करण्यातला तिढा इथेच आहे. पुण्यात पाचशे खाटा वाढल्या की राज्याची सरासरी वाढते आणि गडचिरोलीत एकही खाट कमी न होता तिथला अनुशेष वाढतो. उलट, उद्या पुढारलेल्या जिल्ह्यांतली सरकारी रुग्णालयं मोडकळीला आली, तर सरासरी खाली येऊन अनुशेष आपोआप ‘भरून निघेल’. कोणाचंच भलं न होता सुधारणा दाखवणारं माप चालवून घ्यायचं का?

आता देशाच्या पातळीवर जाऊ, कारण तिथे जुने आकडे सलग मिळतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार (जन्म-मृत्यूंची नमुन्यादाखल नोंद घेणारी सरकारी पाहणी) १९७१ मध्ये केरळचा अर्भकमृत्यू दर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, हजार जन्मांमागे ५८ होता, उत्तर प्रदेशचा १६७. २०२० मध्ये केरळ ६ वर आहे, उत्तर प्रदेश ३८ वर. (१९७१ च्या उत्तर प्रदेशात आजचा उत्तराखंडही होता, सीमांच्या या भानगडीकडे पुढे येऊच.) वजाबाकी केली तर अंतर १०९ वरून ३२ वर आलं, म्हणजे दरी एक तृतीयांशाहूनही कमी राहिली. भागाकार केला तर १९७१ मध्ये उत्तर प्रदेशात बाळ दगावण्याची शक्यता केरळच्या जवळपास तिप्पट होती. २०२० मध्ये ती सहापटीहून जास्त आहे. म्हणजे दरी दुपटीने वाढली. आणि दगावलेल्यांऐवजी जगलेल्यांचा भागाकार केला, तर केरळात पहिला वाढदिवस पाहणाऱ्या दर शंभर बाळांमागे तेव्हा उत्तर प्रदेशात ८८ जगायची, आता ९७ जगतात. दरी जवळपास मिटली! तेच चार आकडे, निष्कर्ष तीन, आणि गणितात चूक एकाचीही नाही. वाहिन्यांवरच्या चर्चेत एकजण वजाबाकी करून येतो, दुसरा भागाकार करून, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडण्यात तासभर घालवतात.

यातून सुटायचं तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो. २०२० मध्ये मध्य प्रदेशचा अर्भकमृत्यू दर ४३ होता. केरळ या पातळीला कधी होता? १९८० मध्ये तो ४० वर आलेला होता. म्हणजे दोन राज्यांत चाळीस वर्षांचं अंतर आहे. हे वाक्य वजाबाकीने सौम्य होत नाही, भागाकाराने भडक होत नाही आणि महागाईने फुगत नाही. शिवाय ज्याला टक्के-गुणोत्तरं कळत नाहीत त्यालाही कळतं. पुण्याच्या आत्मसंतुष्टांनी हाच प्रश्न महाराष्ट्राला विचारून पाहावा. २०२० चा आपला दर १६. केरळ १९९० मध्ये १७ वर होता. नीती आयोगाच्या आरोग्य निर्देशांकात मोठ्या राज्यांमध्ये आपण कधी तिसरे होतो, कधी पाचवे. त्या टाळ्यांच्या आवाजात ही तीस वर्षं ऐकू येत नाहीत.

या मापाचेही दोष आहेत आणि ते किरकोळ नाहीत. केरळ १७ वरून १२ वर यायला १९९० ते २०१३ एवढा काळ लागला. पुढे गेलेला प्रदेश असा अडकून बसला की मागच्याचं वर्षांतलं अंतर कधी उगाच फुगलेलं दिसतं, तर कधी दोन-तीन अंकांच्या सुधारणेने दशकभर भरून निघतं. म्हणून एकच आकडा देऊन थांबू नये. प्रवासाची पूर्ण रेघ छापावी. दुसरा आक्षेप असा की मागून येणाऱ्याला तयार औषधं, लशी, रुग्णवाहिका मिळतात, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या केरळशी आजच्या मध्य प्रदेशची तुलनाच गैर. आक्षेप बरोबर आहे, पण त्याचं टोक उलटीकडे वळतं. केरळ ४० वर पोहोचला तेव्हा देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमही सुरू झालेला नव्हता. तो १९८५ चा. जे केरळने त्या साधनांवर गाठलं, ते एवढ्या सगळ्या आयत्या गोष्टी हाताशी असूनही गाठता आलं नसेल, तर चाळीस हा आकडा दरी कमीच दाखवतो.

खाटा-केंद्रं मोजणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो नीट ऐकून घ्यायला हवा. ते म्हणतात, मृत्यू हा आरोग्य खात्याच्या हातातला विषयच नाही. आईचं शिक्षण, लग्नाचं वय, रोजगार, पिण्याचं पाणी, जात, पाऊस, सगळं त्यात येतं. सरकार विधानसभेत केंद्र मंजूर करू शकतं. बालमृत्यू कमी करण्याचा ठराव मंजूर करून काय होणार? पैसे वाटायचे तर मोजता येईल, बांधता येईल, तपासता येईल अशाच गोष्टीवर वाटावे लागतात. दांडेकरांनीही बहुधा याच व्यवहारी विचाराने सोयी मोजल्या. हे सगळं मान्य. पण केंद्र मोजलं म्हणजे आरोग्यसेवा मोजली, हे कसं? सपाट भागात तीस हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष आहे. गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात या हिशेबाने दोन केंद्रंही भरत नाहीत, कारण माणसंच थोडी आहेत. पण ती पसरली आहेत प्रचंड जंगलात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचं गावच जगापासून तुटतं. निकषात नदी नाही. डॉक्टरचं पद रिक्त असेल, नर्सबाई तीन उपकेंद्रं सांभाळत असतील, तरी इमारत उभी असल्याने तक्त्यातला रकाना भरलेलाच राहतो.

आणि उलट बाजूही बघा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: बाळाला ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलनेतल्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट झालेली होती. पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात ही पद्धत आली. या सगळ्यात खाटा किती वाढल्या? एकही नाही. अनुशेषाच्या जुन्या तक्त्यात हे काम शून्य आहे. ज्या मापाला गडचिरोलीतली ही घटना दिसत नाही, त्या मापाने गडचिरोलीचं मागासलेपण मोजत राहायचं? म्हणूनच मी ‘सगळे मृत्यू’ म्हणत नाही. बाळंतपणातले मृत्यू, पहिल्या महिन्यातले बालमृत्यू, सर्पदंश, क्षयरोग, हगवण एवढे घेतले तरी पुरे. यात गरिबीचा वाटा आहेच, पण वेळेवर पोहोचलेल्या औषधाचा आणि प्रशिक्षित हाताचाही वाटा इतका मोठा आहे की आरोग्य खात्याला अंग काढून घेता येणार नाही.

काही जण तर मापाच्या वादालाच कंटाळले आहेत. काम करा, मोजत काय बसता, असा त्यांचा सूर असतो. त्यांच्या बाजूने इतिहासातला एक चांगला दाखला आहे. १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांच्या आरोग्यावर अहवाल दिला. मरणाऱ्यांच्या सरासरी वयाचे त्यांचे तक्ते गाजले: लिव्हरपूलमधल्या मजुराचं १५, तिथल्या सभ्य गृहस्थाचं ३५, आणि रटलंडसारख्या खेड्यापाड्याच्या परगण्यातल्या मजुराचं ३८. शहरातल्या श्रीमंतापेक्षा खेड्यातला मजूर जास्त जगतो, हे वाचून लोक हादरले. हे माप शास्त्रीयदृष्ट्या कच्चं होतं. जिथे मुलं जास्त जन्मतात तिथे मरणाऱ्यांत मुलं जास्त असतात आणि सरासरी वय आपोआप उतरतं. नीसन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं. तरीही १८४८ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा झालाच. चुकीच्या मापानेही काम झालं, मग मापाचा एवढा काथ्याकूट कशाला? कारण चॅडविक चुकले ते मृत्यू मोजण्यात. त्यांनी लिव्हरपूलमध्ये इस्पितळं किती आणि रटलंडमध्ये किती, असा तक्ता केला नव्हता. केला असता तर लिव्हरपूल पुढे निघालं असतं.

संमिश्र निर्देशांकांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण एक-दोन गोष्टी नोंदवतो. नीती आयोगाच्या २०१९-२० च्या फेरीत उत्तर प्रदेश मोठ्या राज्यांमध्ये एकूण गुणांत सर्वांत खाली होता आणि वर्षभरातल्या प्रगतीत सर्वांत वर. दोन्ही बातम्या त्याच अहवालाच्या, आणि ज्याला जी हवी ती त्याने छापली. या निर्देशांकात जशी बालमृत्यूची नोंद आहे तशीच महत्त्वाच्या पदांवरचे अधिकारी सरासरी किती महिने टिकले याचीही आहे. अधिकाऱ्याची बदली वेळेआधी होऊ नये हे खरंच. पण बदल्या थांबल्यामुळे वाढलेला गुण आणि बाळं वाचल्यामुळे वाढलेला गुण एकाच थैलीत घालून बाहेर जो क्रमांक येतो, त्याचं करायचं काय? आपण तिसऱ्यावरून पाचव्यावर गेलो तेव्हा महाराष्ट्रात आरोग्य बिघडलं होतं का? क्रमांक घसरायला स्वतः काही बिघडवावं लागत नाही. दुसरे पुढे गेले की पुरतं.

पुण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ जागेचा आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार घटना जिथे घडली तिथे तिची नोंद होते. आष्टीहून, करमाळ्याहून, कर्जत-जामखेडहून शेवटच्या घटकेला ससून रुग्णालयात आणलेला रुग्ण दगावला, तर तो मृत्यू पुण्यात नोंदवला जातो. ज्या तालुक्यात तो वेळेवर वाचवता आला असता, त्या तालुक्याच्या खात्यावर काहीच लागत नाही; उलट जितके रुग्ण पुण्याला पाठवाल तितका तुमचा तक्ता स्वच्छ. कोविडमध्ये याची दुसरी बाजू दिसली. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि पुढे बराच काळ देशात सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांत पुणे वर राहिलं. साथ इथे मोठी होतीच, पण राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था इथे आहे, प्रयोगशाळा इथे आहेत, चाचण्या इथे झाल्या. जिथे तपासणी नाही तिथे रुग्ण नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये हीच गोष्ट केरळ आणि बिहारबद्दल दाखवली होती: लोकांना विचारलं तर सर्वाधिक आजारी केरळ आणि सर्वांत ठणठणीत बिहार, आयुर्मान मात्र नेमकं उलट. आपल्याकडेही २००१ च्या सुमारास बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी राज्यात अनेक ठिकाणी बालमृत्यू घरोघरी मोजले, तेव्हा सरकारी नोंदींपेक्षा ते कितीतरी जास्त भरले. प्रामाणिक नोंद करणारा तालुका मागास दिसतो आणि दडपणाऱ्याची पाठ थोपटली जाते. म्हणून मृत्यू मोजायचे तर आधी नोंद किती पूर्ण आहे हे मोजावं लागेल, आणि पहिली काही वर्षं ‘बिघडलेले’ आकडे दिसले म्हणून कोणाला धारेवर न धरण्याचं पथ्यही पाळावं लागेल. हे पथ्य राजकारण्यांना जमेल असं मला वाटत नाही. पण निदान पत्रकारांनी तरी पाळावं.

सीमांचं आता बघू. वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा जव्हार तालुका ठाणे जिल्ह्यात होता. कारखाने, लोकल, नव्या वसाहती यांच्यासह २०११ च्या जनगणनेत हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला; त्याच्या सरासरीत जव्हार-मोखाडा कुठे दिसणार? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि एका रात्रीत ठाण्याची सरासरी सुधारली, राज्यात एका मागास जिल्ह्याची भर पडली. एकाही बाळाची प्रकृती त्यासाठी बदलावी लागली नाही. १९६० मध्ये राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. या छत्तीसांची त्या सव्वीसांशी तुलना करून दरीचा कल सांगणारा माणूस नक्की काय सांगत असतो? पुण्यातही तेच. जिल्ह्याच्या सरासरीत कोथरूड आहे आणि वेल्ह्यातले (आताचा राजगड तालुका), मुळशीतले, आंबेगावच्या पश्चिमेचे पाडेही आहेत. महापालिकेच्या हद्दीत २०१७ नंतर गावांमागून गावं आली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात दूषित पाण्याशी जोडली गेलेली गुलेन बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली तेव्हा कळलं की पालिकेत येणं आणि पालिकेचं शुद्ध पाणी मिळणं यात किती अंतर आहे. हा अनुशेष पुण्याच्या पोटातला आहे. ‘पुढारलेलं पुणे’ ही विदर्भाची तक्रार आणि पुण्याची फुशारकी, दोन्ही त्याच एका सरासरीवर उभ्या आहेत.

लहान एककांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गणिताचा असल्यामुळे टाळता येत नाही. वेल्ह्याची लोकसंख्या पन्नास-पंचावन्न हजार. वर्षाला जन्म हजाराच्या आतबाहेर. दर १६ धरला तर वर्षात सोळा बालमृत्यू. पुढच्या वर्षी ते बारा झाले किंवा वीस झाले, तर निव्वळ योगायोगाने तसं होऊ शकतं. त्यावरून कोणाचा सत्कार करू नये आणि कोणाला निलंबितही करू नये. शिवाय नमुना नोंदणी पाहणी जिल्ह्याचे दर देतच नाही, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रिकांत लसीकरण, बाळंतपणं असतात, बालमृत्यू दर नसतो. २०१० नंतर काही राज्यांत जिल्हावार बालमृत्यू मोजणारी वार्षिक पाहणी झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे ज्यावरून आपण विभागवार भांडतो, त्यामागचा जिल्हावार आकडा आपल्याकडे या पाहण्यांतून निघतच नाही. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे: पाच-पाच वर्षांची बेरीज करायची, सारखी परिस्थिती असलेले शेजारचे तालुके जोडायचे, आणि दरवर्षी क्रमांक जाहीर करण्याची हौस सोडायची. दरी हा दशकांचा विषय आहे. तिला वार्षिक स्पर्धेचं रूप देणाऱ्यांनीच ती न समजण्याजोगी केली.

मोजून पुढे काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी एका तारखेकडे लक्ष वेधतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच दिवशी मद्रास राज्यातला मलबार त्रावणकोर-कोचीनला जोडून केरळ झालं. मलबार शिक्षणात आणि दवाखान्यांत त्रावणकोरच्या बराच मागे होता; एक बाजू संस्थानी राजवटीत शंभरावर वर्षं शाळा-दवाखाने पाहिलेली, दुसरी जुन्या मद्रास इलाख्याच्या कडेला पडलेली. मराठवाड्याची निजामी पार्श्वभूमी सांगून जे हात वर करतात त्यांना ही जोडी गैरसोयीची आहे. पुढच्या काही दशकांत मलबारने ती दरी बरीचशी भरून काढली. केरळ लहान आहे, दाट वस्तीचं आहे, तिथल्या बायका शिकलेल्या होत्या, हे सगळे फरक मान्य करूनही एक गोष्ट उरते: जुन्या राजवटीचा वारसा हा कायमचा निकाल नसतो. मलबार पन्नास-साठ वर्षांत जिथे पोहोचला, तिथे पोहोचायला मराठवाड्याच्या कुठल्या तालुक्याला किती वर्षं लागली, हा प्रश्न मांडायला मंडळाची नाही, आकड्याची गरज आहे.

पैशांचं काय? पुण्यातली खरी धास्ती ही आहे की असं मोजलं तर इथला निधी जाईल. इंग्लंडमध्ये १९७६ मध्ये हेच झालं. तिथल्या आरोग्य सेवेचे पैसे तोवर जिथे रुग्णालयं होती तिथे जात, म्हणजे लंडनला. एका कार्यगटाने प्रदेशाच्या वयरचनेचा विचार करून काढलेलं मृत्यूंचं प्रमाण हा गरजेचा निकष धरला आणि पैसा हळूहळू उत्तरेकडे वळवला. लंडनची नामांकित रुग्णालयं कुरकुरली, आणि त्यांच्या कुरकुरीत तथ्यही होतं: सगळ्या देशाचे अवघड रुग्ण शेवटी त्यांच्याकडेच येत. ससूनचं अगदी हेच म्हणणं असेल आणि ते रास्त असेल. पण रहिवासावरून मोजणी झाली तर हीच गोष्ट पुण्याच्या बाजूने सिद्ध होईल. आष्टीच्या रुग्णावर पुण्यात झालेला खर्च आष्टीच्या नावावर दिसेल, आणि तो तिथेच करता आला असता का, हेही दिसेल. आजच्या पद्धतीत पुण्यावर दुहेरी अन्याय होतो: बाहेरचे मृत्यू त्याच्या खात्यावर पडतात, आणि २०२१ ची जनगणना झालीच नसल्यामुळे दर लाखामागच्या सोयींचा प्रत्येक हिशेब २०११ च्या पुण्यावरून केलेल्या अंदाजावर चालतो. हिंजवडी-वाघोली आठवा आणि ते आकडे किती विश्वासाचे ते ठरवा.

जनगणनेआधी गावं, तालुके, जिल्हे यांच्या सीमा गोठवल्या जातात. पुढच्या जनगणनेसाठी गोठवलेल्या सीमाच या हिशेबाचा पाया म्हणून कायम ठेवाव्यात. नंतर जिल्ह्याचे कितीही तुकडे झाले तरी आरोग्याचा तक्ता त्याच तालुक्यांत निघावा. मृत्यू कुठल्या तालुक्याच्या खात्यावर टाकायचा, यासाठी नवा कायदा किंवा नवी पाहणी लागत नाही. जन्माच्या नोंदणी अर्जात आईच्या राहत्या गावाचा रकाना आहे, मृत्यूच्या अर्जात मृताच्या राहत्या पत्त्याचा. नोंदणी कारकून तो रोज भरतो. त्या रकान्यावरून पाच वर्षांची तालुकावार बेरीज पहिल्यांदा पुणे जिल्ह्याचीच काढावी आणि कोथरूडच्या किती वर्षं मागे वेल्हे आहे, ते जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावं.